बडोदा स्ट्रीट, मुक्काम त्रावणकोर

गेल्या वर्षी आई दोन महिने आमच्याकडे मेलबर्नला राहून गेली. आल्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर पाच मिनिटं चालल्यावर एका कोपऱ्यावर ती थबकलीच. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला, पाटीच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "अगं, इथं बडोदा लिहिलंय."

मी म्हटलं, लिहिलंय खरं. मुद्दाम सांगितलं नव्हतं तुला, म्हटलं स्वतःच बघू दे.

"पण का लिहिलंय?"

आता आमची आई म्हणजे बडोद्याच्या सिटी सर्व्हे ऑफिसात एकतीस वर्षं काढलेली बाई. दांडिया बाजारातलं घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, आणि मधे टेबलावर लोकांच्या जमिनींचे नकाशे. तिला 'अशीच गंमत म्हणून' हे उत्तर चालत नाही. कागद कुठाय, नोंद कधीची, नाव कुणी लावलं, कुठल्या आधारावर लावलं. त्यामुळं मला घरी येऊन लॅपटॉप उघडावा लागला आणि चार वर्षं ज्या पत्त्यावर राहतेय त्याचा अर्थ मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मी पण 'अरे वा इंडियन नावं' एवढ्यावरच थांबले होते, खोटं कशाला बोलू.

तर, आमच्या उपनगराचं नाव त्रावणकोर. शहराच्या मध्यापासून चारेक किलोमीटरवर, मूनी पॉन्ड्स नावाच्या ओढ्याच्या कडेला (आई हे पहिल्या दिवसापासून 'मुनी पॉन्ड' म्हणते, कुणीतरी ऋषी तिथं स्नानाला यायचे असा तिचा सूर असतो). अगदी चिमुकलं उपनगर, बडोद्यातली एखादी मोठी सोसायटी असेल एवढंच. त्यात बडोदा स्ट्रीट आहे, मंगलोर स्ट्रीट आहे, लखनौ, मुलतान, काश्मीर, मदुरा, बंगाल सगळे आहेत. मुलतानहून लखनौला चालत जाता येतं, वाटेत कुणाचं तरी कुत्रं भुंकतं इतकंच.

कारण घोडे. इथं एकेकाळी फ्लेमिंग्टन हाऊस नावाचा मोठा बंगला होता, ह्यू ग्लास नावाच्या बड्या जमीनदाराचा. पुढं तो हेन्री मॅडन नावाच्या माणसाकडं आला. मॅडनचा धंदा म्हणजे ऑस्ट्रेलियातले घोडे हिंदुस्थानात ब्रिटिश सैन्याला विकायचे. पैसा तिकडून आला म्हणून घराला नाव दिलं त्रावणकोर. पुढं इस्टेटीचे प्लॉट पडले, आणि प्लॉट पाडताना रस्त्यांनाही त्याच वळणाची नावं दिली. म्हणजे एखाद्या व्यापाऱ्यानं गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव बंगल्याला द्यावं तसं झालं हे. आपल्याकडं पेढीवर देवाचं नाव असतं, यानं गिऱ्हाइकाचं दिलं. जास्त प्रामाणिक म्हणायला हवं.

त्या घोड्यांना वेलर म्हणायचे, न्यू साउथ वेल्समधले म्हणून वेलर. हे मी वाचून दाखवलं आणि आई एकदम ताठ बसली. "वेलर? आमचे आजोबा म्हणायचे वेलर. उंच, रुबाबदार घोडा म्हणजे वेलर. मला वाटायचं घोड्याची जात आहे, काबुली-बिबुलीसारखी काहीतरी." मी पण हा शब्द जुन्या पुस्तकांत वाचलेला, श्रीमंताच्या गाडीला वेलरची जोडी वगैरे. शंभर-सव्वाशे वर्षं मराठीत बसलेला हा शब्द, आणि तो आमच्या मागच्या गल्लीतून गेला होता म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी तिला ट्रामनं शहरात नेलं. आमच्या इथून ५९ नंबरची ट्राम सरळ फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनला जाते. नव्या ट्रामा फुटपाथच्या पातळीला असतात, पण आमच्या नशिबी जुन्या, चढायला पायऱ्या आहेत, आईच्या गुडघ्यांनी त्या मोजून घेतल्या. बसल्याबरोबर पर्स उघडून सुट्टे शोधायला लागली. मी म्हटलं कंडक्टर नसतो, कार्ड टेकवायचं. "मग कुणी टेकवलंच नाही तर?" मी गप्प बसले, कारण समोरचे दोन कॉलेजकुमार न टेकवताच बसले होते. तेवढ्यात ड्रायव्हरनं पायातली घंटा वाजवली, ठण्ण ठण्ण, आणि आईचा चेहरा बदलला.

"हा आवाज मी ऐकलाय," म्हणाली.

तिचा मोठा मामा दादरला हिंदू कॉलनीत राहायचा, सुट्टीत ही सगळी भावंडं तिकडं. मुंबईची ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला, तेव्हा आई आठ वर्षांची. बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम, त्या गर्दीत मामानं तिला नेलं होतं की घरच्यांनी नंतर सांगून सांगून तिला तसं वाटतं हे तिलाच नक्की माहीत नाही, पण घंटा मात्र आठवते. आणि मग एकदम म्हणाली, दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस ना गं? मी म्हटलं हो. ट्राम गेली, साठ वर्षं होऊन गेली, आणि टॅक्सीवाला अजूनही 'टीटीला सोडू का' विचारतो. आजच्या कुठल्याही पोराला विचारा टीटी म्हणजे काय, टेबल टेनिस म्हणेल.

आमची ट्राम माउंट अलेक्झांडर रोडवरून जाते. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं तेव्हा माउंट अलेक्झांडरच्या खाणींकडं माणसं याच वाटेनं निघाली, चालत, बैलगाड्यांनी, डोक्यावर तवे-पातेली घेऊन. आता या रस्त्यावर गाड्यांची शोरूम, पिझ्झा आणि एक दंतवैद्य. पुढं फ्लेमिंग्टन रोडला लागलं की डाव्या हाताला रॉयल पार्क येतं, आणि तिथली एक गोष्ट मी आईला हट्टानं सांगितली कारण मला ती फार आवडते.

२० ऑगस्ट १८६०. बर्क आणि विल्स यांची मोहीम इथून निघाली, अख्खा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडं पार करायला. १९ माणसं, २३ घोडे, २६ उंट, सहा गाड्या, आणि बघायला जवळजवळ पंधरा हजार लोक. उंट बहुतेक कराचीहून जहाजानं आणलेले. ते आणायला ज्या लॅण्डेल्सला पाठवलं तो मूळचा हिंदुस्थानात घोडे पोचवणाराच माणूस, म्हणजे पुन्हा तोच धंदा. उंटांबरोबर उंटवालेही आले. तर एवढा थाटमाट, भाषणं, टोप्या उडवणं, आणि पार्कातून बाहेर पडायच्या आधीच एक गाडी मोडली. मध्यरात्रीपर्यंत ही मंडळी पोचली कुठवर, तर एसेंडनपर्यंत. आमच्या ट्रामनं वीस मिनिटं. तिथं अजून दोन गाड्या मोडल्या. पुढं बर्क आणि विल्स दोघंही परतीच्या वाटेवर उपासमारीनं मेले, त्यावर हसू नये, पण पहिल्या दिवसाचं हे वाचलं की ५९ नंबर दहा मिनिटं लेट झाली तरी माझा राग जातो.

उंटवाल्यांत साम्ला नावाचा एक हिंदू होता. त्याला तिथलं खाणं चालेना, नुसत्या पावावर आणि पाण्यावर दिवस काढले आणि काही दिवसांतच त्यानं रजा मागून घेतली. आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "शहाणा निघाला. वाचला." आणि मग, "परत कसा गेला असेल गं?"

एलिझाबेथ स्ट्रीटवर वळलो आणि आईतली सर्व्हेवाली जागी झाली. बघा, मेलबर्नचा मधला भाग म्हणजे एक चौकटींचा कागद आहे, सरळ रेघा, काटकोन, कुठंही गल्ली वाकडी नाही. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल नावाच्या सर्व्हेयरनं आखला. मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे एक छोटा रस्ता, ३३ फुटांचा, त्याला त्याच मोठ्याचं नाव देऊन आधी 'लिटल' लावायचं, लिटल कॉलिन्स, लिटल बर्क, लिटल लॉन्सडेल. हॉडलला म्हणे सगळेच रुंद हवे होते आणि गव्हर्नर बर्कला (हा बर्क दुसराच) अरुंद, मग तोड निघाली ती अशी.

"किती फूट म्हणालीस?"

तेहतीस.

"तेहतीस म्हणजे गुंठ्याची बाजू," आई म्हणाली. "तेहतीस बाय तेहतीस, एक गुंठा. जमीन मोजायची अर्धी साखळी. आणि नव्याण्णव म्हणजे दीड साखळी. अगं हा तर आमचाच हिशोब आहे." आणि मग मला ट्राममधे बसून गुंठ्याचे आणे समजावून सांगितले, सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि इथले चौक दहा साखळ्यांचे म्हणजे एकेक चौक दहा एकर म्हणजे चारशे गुंठे, हे तिनं तोंडी केलं, मी फोन काढेपर्यंत. एकाच साम्राज्याची साखळी ती, इकडंही तीच ओढली आणि तिकडंही. मी या गल्ल्यांमधे शेकडो वेळा कॉफी प्यायलेय, पण आपण गुंठ्यावर उभं राहून पितोय हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता दर वेळी येतं.

हॉडलच्या वाट्याला पुढं हॉडल स्ट्रीट आला, शहरातल्या सगळ्यात तुंबणाऱ्या रस्त्यांतला एक. ज्या माणसानं एवढे रुंद रस्ते आखले त्याच्या नावानं लोक रोज सकाळी शिव्या घालतात.

"आणि ही एलिझाबेथ कोण? राणी?" नाही, ही राणीच्या कितीतरी आधीची, बहुतेक गव्हर्नर बर्कची बायको. मग तिनं एकेक चौक आला की विचारायचं आणि मी फोनमधे बघून सांगायचं असा खेळ सुरू झाला. कॉलिन्स, टास्मानियाचा लेफ्टनंट गव्हर्नर. लॉन्सडेल, इथला पहिला पोलीस मॅजिस्ट्रेट. रसेल म्हणजे लॉर्ड जॉन रसेल, लंडनचा मंत्री. क्वीन स्ट्रीटची राणी म्हणजे अॅडलेड, विल्यम स्ट्रीटवाला तिचा नवरा. स्वान्स्टन हा टास्मानियातला बँकर. आणि खुद्द मेलबर्न? लॉर्ड मेलबर्न, इंग्लंडचा पंतप्रधान. "म्हणजे यातला निम्मा माणूस इथं आलेलाच नाही," आईचा निष्कर्ष. मी म्हटलं तुमच्या बडोद्याचा तरी कोण आलाय या बडोदा स्ट्रीटला. "मी आले की," ती म्हणाली.

फ्लिंडर्स स्ट्रीटच्या टोकाला उतरलो आणि वर बघितलं तर कळतं की एलिझाबेथ स्ट्रीट हा खड्डा आहे. दोन्ही बाजूंचे रस्ते चढत जातात आणि हा मधे खोलगट. कारण इथून ओढा वाहायचा. हॉडलनं कागदावर रेघ मारली, रेघेला ओढा दिसत नाही. नंतर ओढा गटारात घातला, वर रस्ता, रस्त्यावर ट्राम. फेब्रुवारी १९७२ मध्ये असा पाऊस कोसळला की ओढ्यानं आपली जागा परत मागितली, एलिझाबेथ स्ट्रीटवर मोटारी तरंगताना दाखवणारे फोटो आहेत. आईनं ते फोटो बघून मान डोलावली. विश्वामित्री दर दोन-चार वर्षांनी हेच करते, त्यात तिला नवल काहीच वाटलं नाही. नकाशावरून ओढा पुसला तरी पाण्याला नकाशा वाचता येत नाही, असं त्यांचे एक जुने साहेब म्हणायचे म्हणे.

एक गोंधळ मात्र मिटवायला वेळ लागला. बर्क स्ट्रीटचा बर्क म्हणजे उंटवाला बर्क नव्हे, तो गव्हर्नर, स्पेलिंग वेगळं. उंटवाल्या बर्कचा आणि विल्सचा मोठा पुतळा केला होता १८६५ मध्ये, कॉलिन्स आणि रसेलच्या चौकात भर मधोमध बसवला. मग केबल ट्राम आली, १८८६ मध्ये पुतळा रुळांच्या वाटेत यायला लागला, उचलून दुसरीकडं. तिथून आणखी कुठं, तिथून आणखी कुठं, शेवटी स्वान्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जरा टेकले होते तर २०१७ मध्ये मेट्रोचा बोगदा खणायला म्हणून तिथूनही काढले. जिवंतपणी वाट सापडली नाही आणि मेल्यावर बसू दिलं नाही.

दुपारी नदीकाठी बाकावर डबा उघडून बसलो (आई बाहेरचं खात नाही, साम्लाचीच पार्टी) तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला. ठेपल्याचा तुकडा हातात धरून, अगदी ऑफिसच्या आवाजात.

"हे सगळे नंतरचे. मूळ कब्जेदार कोण?"

मी आधी फक्त नाव सांगितलं, वुरुंजेरी. मग जमेल तसं बाकीचं. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाचा माणूस टास्मानियाहून आला (हो, बॅटमन, आईला हसू आलं नाही, तिला तो सिनेमा माहीतच नाही), त्यानं इथल्या वडीलधाऱ्यांशी करार केला म्हणे, ब्लँकेटं, सुऱ्या, आरसे, पीठ असलं काही देऊन जवळजवळ सहा लाख एकर.

"सहा लाख? खरेदीखत कुठल्या भाषेत?"

इंग्रजीत.

"अंगठे?"

सह्यांसारख्या खुणा आहेत, पण त्या नक्की कुणी केल्या यावरच वाद आहे.

आईनं ठेपला खाली ठेवला. पुढचं तिला आणखी पटलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्कनं तो करार रद्द ठरवला. बॅटमननं फसवलं म्हणून नव्हे, तर जमीन मुळात सरकारची आहे, तिथल्या लोकांची नाहीच, तर ते विकणार काय, म्हणून. "म्हणजे विकणारा खोटा, घेणारा खोटा, आणि रद्द करणारा दोघांचा बाप," ती म्हणाली. ट्रायब्युनलचे निकाल बघितलेली बाई आहे ती, पण असा निकाल तिनं पण बघितला नव्हता. बर्कचा रस्ता आपल्या पाठीमागं थोड्याच अंतरावर आहे, मी सांगितलं.

नावांचे फेरफार मात्र व्हायला लागलेत अलीकडं. जुने फेरफार स्वतःच्या लाजेपोटीचे, म्हणजे स्टीफन स्ट्रीट बदनाम वस्तीसाठी गाजला होता तर १८८० च्या प्रदर्शनाचं निमित्त साधून त्याला एक्झिबिशन स्ट्रीट करून टाकला. नवे वेगळे आहेत. आमच्या शेजारची मोरलँड नगरपालिका, ते नाव जमैकातल्या एका मळ्याचं निघालं जिथं गुलाम राबायचे, २०२२ मध्ये तिचं नाव मेरी-बेक केलं, वुरुंजेरींच्या भाषेतलं. नॉर्थकोटचं बॅटमन पार्क आता गुम्ब्री पार्क. पण मोरलँड रोड अजून मोरलँड रोडच आहे, लोकांच्या पत्त्यांत, तोंडात, बिलांवर. आईला विचारलं तुला काय वाटतं, नावं बदलावीत का, तर तिनं थेट उत्तर दिलं नाही. म्हणाली, फेरफार नवीन ओळीत लिहायचा, जुनी ओळ खोडायची नाही, फक्त कंस करायचा. मग एवढंच, की बडोद्याचं वडोदरा झालं तेव्हा ऑफिसचे शिक्के बदलायला वर्ष लागलं होतं.

परत जायच्या आठवड्यात डॉन्कास्टरला एका मैत्रिणीकडं जेवायला गेलो होतो. गाडीनं, कारण त्या भागात ट्रेन नाही आणि ट्रामही नाही, फ्रीवेच्या मधोमध ट्रेनसाठी म्हणून सोडलेली रुंद पट्टी मात्र वर्षानुवर्षं गवत खात पडली होती. बॉक्स हिलहून वर चढलो आणि मी मुद्दाम गाडी हळू केली, म्हटलं पाटी वाच. ट्राम रोड.

"कुठाय ट्राम?"

होती. या देशातली पहिली विजेची ट्राम याच चढावर धावली, ऑक्टोबर १८८९, आदल्या वर्षीच्या प्रदर्शनात दाखवायला आणलेली यंत्रं उरली होती ती विकत घेऊन काही उत्साही लोकांनी चालवलेली. तेव्हा इथं सगळ्या फळबागा. कंपनी तोट्यात, जागामालकांशी भांडणं, आणि १८९६ मध्ये बंद. मुंबईत तेव्हा अजून घोड्यांच्या ट्रामा होत्या, विजेची यायला १९०७ उजाडलं. आणि गंमत अशी की नंतर सगळ्या जगानं ट्रामा उखडल्या, सिडनीनं १९६१ ला, मुंबईनं १९६४ ला, ब्रिस्बेननं १९६९ ला, मेलबर्ननं ठेवल्या. रिसन नावाचा एक लष्करातला इंजिनियर वीसेक वर्षं ट्राम बोर्डाचा प्रमुख होता, लोक नावं ठेवत होते आणि हा रूळ काँक्रीटमधे पक्के बसवत सुटला, उपटायचे म्हटले तर खर्चच परवडू नये. बर्क स्ट्रीटवर तर १९४० मध्ये केबल ट्राम काढून बसगाड्या घातल्या होत्या, त्याही १९५५ मध्ये मागं घेऊन परत ट्राम आणली. आज अडीचशे किलोमीटरचं जाळं आहे. फक्त या ट्राम रोडवर नाही. इथं बस येते.

आई पाटीकडं मान वळवून बघत राहिली. "टीटी," म्हणाली.

मैत्रिणीनं दारातच विचारलं, कसा झाला प्रवास? आई म्हणाली, छान झाला, फक्त ट्राम नाही मिळाली.

बडोद्याला परत गेल्यावर ऑक्टोबरात तिनं मला तीन दिवाळी अंक पाठवले. खायचं काही पाठवू नकोस, इथले कस्टमवाले फेकून देतात, हे मी शंभरदा बजावलं होतं म्हणून फक्त अंक. पाकिटावर माझं नाव, घर नंबर, रस्ता, त्रावणकोर, ३०३२, आणि खाली मोठ्या अक्षरात ऑस्ट्रेलिया, असं तिनं स्वच्छ लिहिलेलं. कुरियरच्या दुकानातल्या पोरानं त्रावणकोरपर्यंत वाचलं, डोकं वर केलं आणि म्हणाला, "मासी, केरळनुं पार्सल छे ने? पिनकोडमां बे आंकडा ओछा छे."